वाचकांचे प्रश्न : जोरहाटचे चहामळे आणि हूलॉकचे जंगल

प्रश्न : येत्या फेब्रुवारीत आम्ही सहकुटुंब आसामला जाणार आहोत. काझीरंगा ठरलेले आहे. त्यानंतरचे तीन दिवस चहाचे मळे आणि ऐतिहासिक ठिकाणे पाहण्यासाठी राखून ठेवले आहेत. मुक्काम कोठे करावा आणि चहाची खुडणी पाहायला मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुक्काम जोरहाटला करावा. माजुली बेटाकडे नेणाऱ्या बोटी जवळच्या निमाती घाटावरून सुटतात, शिवसागरला एका दिवसात जाऊन येता येते आणि चहामळे तर शहराच्या वेशीपासूनच सुरू होतात. खुडणीबाबत मात्र फार अपेक्षा ठेवू नये. आसामात डिसेंबरपासून झुडपांची वाढ थंडावते, त्या काळात छाटणी होते आणि नवी पालवी मार्चच्या सुमारास येते. त्यामुळे फेब्रुवारीत बऱ्याच ठिकाणी छाटलेली, बोडकी झुडपे दिसतील. दोन पाने आणि एक कळी झपाझप खुडणारे हात पाहायचे असतील, तर प्रवास मार्चअखेरीस न्यावा. काझीरंगा एप्रिलपर्यंत साधारणपणे खुले असते, त्यामुळे तिथली अडचण येणार नाही.

शिवसागरला अहोम राजांनी अठराव्या शतकात बांधलेले दुमजली रंगघर पाहावे; उलट्या नावेच्या आकाराच्या त्याच्या छपराखाली बसून राजपरिवार खेळ आणि झुंजी पाहत असे. तेथून पुढे चराईदेव येथे अहोम राजघराण्याचे मैदाम, म्हणजे मातीच्या टेकड्यांखालील दफनस्थाने आहेत. २०२४ मध्ये त्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. जोरहाटजवळचे सिनामारा हे गावही चुकवू नये. स्वतःचे चहामळे उभारणारे पहिले भारतीय म्हणून ओळखले जाणारे मणिराम दिवाण यांचा मळा येथे होता. कंपनी सरकारविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून त्यांना फेब्रुवारी १८५८ मध्ये जोरहाटलाच फाशी देण्यात आले. १८५७ चा इतिहास आपण उत्तर हिंदुस्थानापुरता वाचतो आणि हे नाव आपल्याकडे जवळजवळ कोणाला माहीत नसते, याची खंत वाटते.

प्रश्न : चहाचे मळे तर हिरवेगार असतात. मग त्यांच्यामुळे वन्यप्राण्यांची कोंडी होते, असे अभ्यासक का म्हणतात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर जोरहाटजवळ मरियानीच्या परिसरात प्रत्यक्ष पाहायला मिळते. तेथे हुलोंगापार नावाचे जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचे जंगल आहे. १९९७ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. कधीकाळी हे जंगल पतकाई डोंगरांच्या पायथ्यापर्यंत सलग पसरलेले होते. एकोणिसाव्या शतकापासून भोवती चहाचे मळे आणि वस्त्या वाढत गेल्या आणि आज ते त्यांच्या वेढ्यात एखाद्या बेटासारखे उरले आहे. एवढ्याशा जागेत प्राइमेट, म्हणजे माकडे, वानरे आणि कपी यांच्या गणातील सात जाती राहतात आणि त्यांतला हूलॉक गिबन हा भारतात आढळणारा एकमेव बिनशेपटीचा कपी आहे.

प्रौढ नर काळा, भुवया पांढऱ्या. मादी फिकट तपकिरी. जोडी पिल्लांसह आपापल्या हद्दीत राहते आणि सकाळी नर-मादी मिळून ज्या हाका देतात, त्या फार दूरवर ऐकू जातात. लांब हातांनी फांदीला लोंबकळत, झोके घेत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणे ही त्यांची चाल आहे. जमिनीवर ते क्वचितच उतरतात. कोंडीचे मूळ येथेच आहे. चहाचे झुडूप खुडणीसाठी कमरेइतकेच ठेवलेले असते आणि मळ्यात सावलीसाठी लावलेली शिरीषवर्गीय झाडे इतकी अंतराअंतरावर असतात की त्यांच्या फांद्या एकमेकींना भिडत नाहीत. माणसाच्या डोळ्यांना मळा हिरवा दिसतो, पण हूलॉकच्या दृष्टीने तेथे वाटच नाही. त्यात भर म्हणजे जंगलाच्या मधूनच रेल्वेमार्ग जातो, त्यामुळे हे लहानसे जंगलही दोन तुकड्यांत विभागले गेले आहे. अशा तुकड्यांत अडकलेल्या कुटुंबांतील पिल्लांना मोठेपणी जोडीदार शोधायला दुसरीकडे जाता येत नाही.

सगळ्याच प्राण्यांचे असे होते असे नाही. बिबट्या दाट झुडपांत दडतो, तेथे पिल्लेही घालतो. हत्तींचे कळप एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाताना मळे ओलांडतात आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी खणलेल्या खोल चरांत कधी कधी त्यांची पिल्ले पडतात. चरांचे काठ काही ठिकाणी उतरते केले, तर पिल्लाला बाहेर पडता येते. मळ्याच्या कडेने आणि रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना उंच स्थानिक झाडे लावून फांद्या जुळू देणे हा हूलॉकसाठीचा उपाय आहे. तो संथ आहे, पण माझ्या मते टिकाऊ तोच आहे. आपल्याकडच्या टपरीवर उकळणारी दाणेदार सीटीसी चहापूड मोठ्या प्रमाणात आसामातूनच येते, त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांनाही हा प्रश्न परका वाटू नये.

प्रश्न : मळ्यातील कामगारांची भाषा आणि सण आसामी लोकांपेक्षा वेगळे का असतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण त्यांच्या पूर्वजांना ब्रिटिश काळात छोटा नागपूर, ओडिशा आणि मध्य भारतातून कंत्राटी मजूर म्हणून आणण्यात आले. संथाळ, उरांव, मुंडा अशा अनेक समाजांचे हे लोक होते. करार मोडून पळणाऱ्याला शिक्षा होत असे आणि रोगराईने हजारो माणसे दगावली. चहाच्या इतिहासातील हे पान फार कठोर आहे. वेगवेगळ्या भाषा बोलणारी ही माणसे मळ्यावर एकत्र आली आणि सादरी ही त्यांची सामाईक बोली झाली. मांदलाच्या तालावर, एकमेकींच्या कमरेला हात घालून केला जाणारा झुमुर नाच त्यांचाच. भाद्रपद शुद्ध एकादशीच्या सुमारास करम पूजा होते : मुली टोपलीत धान्य आणि कडधान्ये रुजवतात, करम वृक्षाची फांदी आणून अंगणात रोवतात आणि रात्रभर तिच्याभोवती नाचतात. पौषात, मकरसंक्रांतीला तुसू पूजा असते. फेब्रुवारीत जाणाऱ्यांना यांपैकी कोणताही सण पाहता येणार नाही. करम पूजेसाठी जायचे असल्यास मात्र त्या दिवसांत काझीरंगा पुरामुळे बंद असते, हे ध्यानात घेऊनच बेत आखावा.