जुन्या पोथीतले पोस्टकार्ड कोणाचे?

प्रश्न : रद्दीतून घेतलेल्या जुन्या छापील पोथीत मोडी लिपीतले पोस्टकार्ड आणि मुंजीचे छायाचित्र सापडले. मूळ कुटुंबाचा शोध कसा घ्यावा?

उत्तर : पोस्टकार्डावरील डाकशिक्का सर्वांत बोलका असतो, तो पुसट झाला असला, तरी किंमत आण्यांत छापलेली असल्यास कार्ड बहुधा १९५७पूर्वीचे समजावे, कारण नवे पैसे त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चलनात आले. मजकुरात शके असल्यास त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा. माघ-फाल्गुनाच्या तिथींना मात्र ७९ मिळवावे लागतात, आणि नेमके हेच बहुतेक जण विसरतात. मोडी वाचनासाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करावी. आडनाव व गाव कळल्यावर त्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असल्यास तो पाहावा. पत्रातील खासगी मजकूर फेसबुकवर झळकवणे मला उचित वाटत नाही.