सागवानी गिटारच्या नेकला (तारांखालच्या लांब दांडीला) ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आकार दिलाय, आता किती नंबरपर्यंत घासावा? नाशिकच्या पावसात लॅकर मारलं तर चालेल का?

लॅकर आत्ता नको. जुलै-ऑगस्टात नाशिकची हवा ओली असते, अशा हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. शिवाय चकचकीत नेकला घामेजलेला अंगठा अडकतो. आता घासून ठेवा, पॉलिश दसऱ्यानंतर बघा.

८० नंबरने आकार दिलाय म्हणता, म्हणजे खरं काम आता १२० चं आहे (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक). ८० चे ओरखडे १२० नेच जायला हवेत. पुढचे पेपर ते काढत नाहीत, नुसते गुळगुळीत करतात, आणि पॉलिश चढलं की सगळे वर दिसतात. पॉलिश पेपरची दीड इंची पट्टी कापा, फाटू नये म्हणून मागे टेप लावा आणि बूट पुसतात तशी नेकच्या गोलाईवरून ओढा. आधी नेकवर पेन्सिलीने गिरवून घ्या. रेघा जिथे उरतील तिथे खळगा आहे. मग लाकडाच्या रेषेच्या दिशेने लांब हात मारून आडवे ओरखडे घालवा. हेडस्टॉकखालच्या (खुंट्यांच्या टोकाखालच्या) वळणात घाई होतेच, तिथे बोटानेच घासा. त्यानंतर १८०, २२०. प्रत्येक नंबर बदलताना खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च नेकला आडवा लावून बघा, हे मात्र चुकवू नका.

२२० झालं की ओल्या फडक्याने पुसा. लाकडाचे तंतू उभे राहतील, वाळल्यावर ३२० ने हलकेच उतरवा. पुढे जाण्यात अर्थ नाही. मास्क लावा, सागाचा भुसा घशाला आणि कातडीला त्रास देतो.

पॉलिशला माझं मत चपडा लाखेला (शेलॅकला). लिटरभर स्पिरिटात साधारण १२० ग्रॅम, रविवार कारंजा भागातल्या रंगाच्या दुकानांत विचारून बघा. दसऱ्यापर्यंत लाकूड पुन्हा खरखरीत झालं असेल तर ३२० फिरवा. साग तेलकट, म्हणून आधी नुसत्या स्पिरिटने पुसा, मग फडक्याच्या गोळ्याने पातळ थर. घामाने लाख झिजते, पण पुन्हा हात मारला की जुन्या थरात मिसळून जाते. लॅकरपेक्षा हे डोकं शांत ठेवणारं. शिसमच्या फिंगरबोर्डला (नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीला) मास्किंग टेप लावून ठेवा, त्यावर लाख नको.

कुणी जवसाचं तेल सुचवेल. सागावर ते वाळायला फार वेळ घेतं, आणि त्याची तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. वापरलंच, तर फडकी पसरून वाळवा.