कॅथोलिक घर, प्रॉटेस्टंट मंडळी : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत : घरातले कुणीतरी कॅथोलिक ख्रिस्तसभा सोडून प्रॉटेस्टंट मंडळीत गेले आहे आणि आता जेवायला बसले की वाद पेटतो. सारख्या आशयाचे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : धाकटा भाऊ दोन वर्षांपासून पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) मंडळीत जातो. कारण विचारले की तो पोप, मरिया आणि मूर्ती यांवर घसरतो. लोक खरेच शिकवण पटत नाही म्हणून जातात का?

बहुतेकांची सुरुवात तिथून होत नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१४ साली लॅटिन अमेरिकेचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. तिथे ८४ टक्के प्रौढ कॅथोलिक म्हणून वाढले होते, पण पाहणीच्या वेळी स्वतःला कॅथोलिक म्हणवणारे ६९ टक्केच उरले होते. प्रॉटेस्टंट झालेल्यांना कारणे विचारली, तेव्हा ८१ टक्के म्हणाले की देवाशी अधिक जवळचे, वैयक्तिक नाते हवे होते. ६९ टक्क्यांना नव्या मंडळीतली उपासनेची पद्धत आवडली, तर ६० टक्क्यांना नैतिक आचरणावर जास्त भर हवा होता. आर्थिक भवितव्य सुधारावे हे कारण फक्त १४ टक्क्यांनी दिले. ‘पैशासाठी गेला’ हे वाक्य घरोघरी किती सहज बोलले जाते ते पाहता हा आकडा लक्षात ठेवावा. याच संस्थेच्या २००९ सालच्या अमेरिकेतील पाहणीत प्रॉटेस्टंट झालेल्या माजी कॅथोलिकांपैकी ७१ टक्क्यांनी ‘आध्यात्मिक गरज भागत नव्हती’ असे सांगितले. बायबलविषयीच्या शिकवणीबद्दल नाराज असलेले ४३ टक्के होते.

प्रत्यक्षात हे पायरीपायरीने घडते. आजारपण, बेकारी किंवा घरातला मृत्यू अशा काळात कुणीतरी आठवड्याच्या मध्ये भरणाऱ्या छोट्या प्रार्थनागटात बोलावते. तिथे दहा-बारा माणसे असतात, नावाने ओळखतात, डोक्यावर हात ठेवून त्याच्याच अडचणीसाठी प्रार्थना करतात आणि पुढच्या आठवड्यात तो दिसला नाही तर फोन करतात. मिस्साला, म्हणजे कॅथोलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेला, शेकडो लोक असतात आणि मिस्सा संपली की जो तो आपल्या वाटेने जातो. शिवाय त्या गटात बायबल हातात देतात आणि वचन शोधून स्वतः वाचायला लावतात. मिस्सामध्येही भरपूर शास्त्रवाचन होते. १९६९ पासून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आहे. पण कानावर पडणे निराळे आणि बोट ठेवून वाचणे निराळे. वाचताना प्रश्न पडतात, तो ते घरी आणतो आणि घरी ‘असले काही विचारू नये’ असे उत्तर मिळते. शिकवणीचा वाद खरा पेटतो तो इथे.

म्हणून भावाशी मूर्तींवर हुज्जत घालण्याआधी ‘तिथे तुला काय मिळाले?’ हे विचारा आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. मात्र त्याचे शिकवणीचे प्रश्न नुसती सबब समजून उडवून लावू नका. ते उशिरा आले असले तरी आता त्याला मनापासून पटलेले असतात.

प्रश्न : ‘तुम्ही कर्मांनी तारण मिळवता, आम्ही विश्वासाने’ असे नणंद म्हणते. हे खरे आहे का?

नाही. कॅथोलिक बिशपांच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने जानेवारी १५४७ मध्ये याच विषयावर हुकूमनामा काढला. त्याचा पहिलाच नियम असा की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो, असे म्हणणारा बहिष्कृत असो. उलट बाजूनेही तितकाच गैरसमज आहे. ‘विश्वास ठेवला की कसेही वागा’ असे प्रॉटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने शिकवले नाही. खरा विश्वास सत्कर्मांवाचून राहूच शकत नाही, असेच तो मांडतो.

मग भांडण नेमके कशावर? पहिला मुद्दा, नीतिमान ठरताना घडते काय. ल्यूथर व इतर प्रॉटेस्टंट सुधारकांच्या मते न्यायाधीश आरोपीला निर्दोष जाहीर करतो तसे देव ख्रिस्ताचे नीतिमत्त्व पाप्याच्या नावे मोजतो. पवित्र होत जाणे ही त्यानंतरची, वेगळी गोष्ट. कॅथोलिक शिकवणीत या दोन गोष्टी एकच आहेत : देव माणसाला आतून खरोखर नीतिमान करतो आणि ते नीतिमत्त्व वाढू शकते, गंभीर पापाने गमावलेही जाऊ शकते. दुसरा मुद्दा पुण्याचा. कृपेच्या बळावर केलेल्या सत्कर्मांना देव खरोखर फळ देतो, असे कॅथोलिक मानतात. प्रॉटेस्टंट मनाला नेमके हेच खटकते. तिसरा खात्रीचा. ‘माझे तारण झाले आहे’ असे नणंद ठामपणे म्हणते. कॅथोलिक माणूस ‘मला आशा आहे’ म्हणतो. घरात ठिणगी पडते ती बहुधा इथेच, कारण एकीला दुसरीचा आत्मविश्वास गर्व वाटतो आणि दुसरीला पहिलीची आशा अविश्वास वाटते. वचने दोन्हीकडे आहेत. ती रोमकरांस पत्र ३:२८ (नियमशास्त्राच्या कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो) दाखवेल, तुम्ही याकोबाचे पत्र २:२४ (केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो) दाखवाल. दोन्ही अध्याय सलग आणि एकत्र बसून वाचले तर निदान एकमेकींवरचे चुकीचे आरोप गळून पडतात.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे लुथेरन जागतिक महासंघ आणि कॅथोलिक ख्रिस्तसभा यांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मूलभूत सत्यांवर एकमत असून उरलेले फरक परस्परांना बहिष्कृत ठरवण्याजोगे नाहीत, असे त्यात म्हटले आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक महासंघ त्यात सामील झाला. अनेक पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या यात नाहीत, त्यामुळे नणंदेच्या पास्टरांना तो मान्य असेलच असे धरू नका.

प्रश्न : आणि क्षमापत्रे? ती अजून विकली जातात का?

विक्री बंद होऊन साडेचारशे वर्षे झाली. पैशांशी जोडलेली सगळी क्षमापत्रे पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये रद्द केली. १५१७ मध्ये ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले ते या व्यवहारावर चिडूनच, आणि त्याची ती चीड रास्त होती. मूळ कल्पना मात्र कॅथोलिक ख्रिस्तसभेत आजही आहे. ती पापक्षमा नव्हे. क्षमा झालेल्या पापाची जी ऐहिक शिक्षा उरते तिची माफी. पूर्ण माफीसाठी नेमून दिलेले कृत्य, पापनिवेदन, कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर घेणे), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि लहानसहान पापाचीही ओढ नसणे, इतके सगळे लागते. शेवटची अट फार अवघड आहे. ती पुरी झाली नाही तर माफी अंशतः मिळते. जुन्या प्रार्थनापुस्तकांत ‘३०० दिवस’ असे छापलेले दिसते, ती दिवसांची मोजणी पोप पॉल सहावे यांनी १९६७ मध्ये काढून टाकली.

प्रश्न : आमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके, मुलीच्या नव्या बायबलमध्ये ६६. कुणी वाढवली की कुणी काढली?

दोन्ही आरोप अर्धवट आहेत. फरक फक्त जुन्या करारात आहे : तोबीत, यहुदीथ, शलमोनाचे ज्ञान, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके, शिवाय एस्तेर व दानिएल यांतील काही भाग. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांत चालणाऱ्या ग्रीक संग्रहात ही पुस्तके होती, यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात नव्हती. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमला ती इतर शास्त्राच्या बरोबरीची वाटत नव्हती. संत ऑगस्टीनला वाटत होती. कार्थेजच्या ३९७ सालच्या परिषदेच्या यादीत ती आहेत, म्हणजे ‘ट्रेंटने १५४६ मध्ये घुसडली’ हे खरे नाही; ट्रेंटने वादावर शिक्कामोर्तब केले. ल्यूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलमध्ये ती स्वतंत्र विभागात छापली : शास्त्राच्या तोलाची नव्हेत, पण वाचायला चांगली आणि उपयोगी. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्येही ती होती. म्हणजे ‘ल्यूथरने फाडून टाकली’ हेही चूक.

फरक पडतो तो मृतांसाठी प्रार्थनेच्या मुद्द्यावर. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, १२ व्या अध्यायात, यहूदा मक्काबी युद्धात पडलेल्यांच्या पापांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला अर्पणासाठी पाठवतो. कॅथोलिक माणूस शुद्धिस्थानाच्या (मृत्यूनंतर स्वर्गात जाण्याआधी आत्म्याची शुद्धी होते त्या अवस्थेच्या) चर्चेत हा उतारा काढतो आणि समोरचा म्हणतो, ‘हे पुस्तक माझ्याकडे नाहीच.’ त्यामुळे वाद तिथेच अडकतो.

प्रश्न : मूर्ती आणि मरिया यांवर काय उत्तर द्यावे?

मूर्तींबाबत निर्गम २०:४ (आपल्यासाठी मूर्ती करू नकोस) पुढे येईल. तुम्ही निर्गम २५:१८ दाखवू शकता, जिथे देवच कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव) करायला सांगतो, आणि गणना २१ मधला, देवाच्या सांगण्यावरून मोशेने उभारलेला पितळी साप. पण इथेच थांबू नका, कारण जाणकार प्रॉटेस्टंट लगेच २ राजे १८:४ उघडेल : लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. प्रतिमा असणे वेगळे आणि तिची आराधना होऊ लागणे वेगळे, हे या दोन उताऱ्यांतून दिसते. ७८७ सालच्या निकेयाच्या दुसऱ्या परिषदेनेही हाच भेद केला : प्रतिमेला आदर, आराधना एकट्या देवाला. शिकवण स्पष्ट आहे, पण आचरण नेहमीच तसे असते असे नाही. ‘अमुक मूर्ती जास्त पावते’ असे घरातच बोलले जात असेल तर टीका लागू पडते, आणि ती मान्य करण्यात कमीपणा नाही.

मरियेच्या बाबतीत मूळ अडचण वेगळी आहे. ख्रिस्ताला देव मानणारे प्रॉटेस्टंट तिचा मान नाकारत नाहीत. ल्यूथर तर तिचे कायमचे कौमार्यही मानत असे. खटकतात ते १८५४ आणि १९५० चे सिद्धांत : ती आदिपापाच्या कलंकावाचून गर्भात आली आणि ती सदेह स्वर्गात घेतली गेली. शास्त्रात हे उघड शब्दांत नाही. कॅथोलिकांच्या मते शास्त्र, परंपरा आणि ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार एकत्र चालतात. प्रॉटेस्टंटांच्या मते अंतिम कसोटी शास्त्र एकटेच. आमच्या मते सगळ्या वादांचे मूळ इथे आहे. हा प्रश्न बाजूला ठेवून मरिया, पोप किंवा शुद्धिस्थान यांवर कितीही वचने फेकली तरी दोघे वेगवेगळ्या मापाने मोजत राहतात.

प्रश्न : पोप कधीच चुकत नाहीत, असे आपण मानतो का?

नाही. १८७० सालच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेच्या व्याख्येनुसार पोप सर्व ख्रिस्ती लोकांचे गुरू या अधिकाराने श्रद्धा किंवा नीती याविषयीची शिकवण संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी अंतिम म्हणून जाहीर करतात, तेव्हाच ती चुकीपासून राखलेली असते. त्यानंतर असा वापर निर्विवादपणे झाला तो १९५० मध्ये. पोपची मुलाखत, राजकीय मत, बिशपांची निवड यांना हे लागू नाही, आणि पोप पाप करू शकतात; तेही पापनिवेदन करतात.

प्रश्न : मुलाच्या मंडळीत प्रभुभोजन घेतले तर चालेल का? आणि तो मिस्साला आला तर?

तुम्ही तिथे जाऊन गाऊ शकता, प्रार्थना करू शकता. प्रभुभोजन मात्र कॅथोलिकाने घेऊ नये, आणि रविवारच्या मिस्साचे कर्तव्यही त्याने फिटत नाही. मिस्सामध्ये भाकर व द्राक्षारस यांचे रूप आणि चव तशीच राहते, पण मूळ तत्त्व बदलून तिथे ख्रिस्त स्वतः असतो, अशी कॅथोलिक श्रद्धा आहे. प्रॉटेस्टंटांमध्ये यावर एकमत नाही. १५२९ मध्ये मार्बुर्ग येथे ल्यूथर आणि स्वित्झर्लंडमधला सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले, तेव्हा ल्यूथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे ख्रिस्ताचे शब्द खडूने मेजावर लिहिले आणि त्यांवरून तो हलला नाही. पंधरापैकी चौदा कलमांवर दोघांचे जुळले, पंधराव्यातल्या याच मुद्द्यावर फाटले. त्यामुळे मुलाच्या मंडळीत या भोजनाचा अर्थ काय मानतात, ते आधी विचारा.

तो मिस्साला आला तर बसू द्या, पण कम्युनियनसाठी पुढे ढकलू नका. प्रॉटेस्टंट म्हणून वाढलेल्या माणसाला मरणाचा धोका किंवा तशीच गंभीर गरज असताना काही अटींवर ते देता येते. मुलगा मुळात कॅथोलिक आहे. त्याला ते घ्यायचे असेल तर आधी फादरांशी बोलून परत येण्याचा मार्ग धरावा लागेल.

प्रश्न : बहिणीने पुन्हा बाप्तिस्मा घेतला, लग्नही तिकडेच केले. आता तिला परत यायचे आहे. काय करावे लागेल?

दुसरा बाप्तिस्मा कॅथोलिक ख्रिस्तसभा मोजत नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला पहिला बाप्तिस्मा कायमचा असतो. नोंदवहीतली नोंदही पुसली जात नाही. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणारा संस्कार) झाले असेल तर तेही पुन्हा होत नाही. ती फादरांना भेटेल, श्रद्धेची कबुली देईल आणि पापनिवेदन करेल. गरज पडल्यास फादर बिशपांच्या कार्यालयाकडून परवानगी घेतील.

वेळ जातो तो लग्नापायी. सरकारी कायद्याने लग्न वैध असले तरी कॅथोलिक व्यक्तीने फादर आणि दोन साक्षीदारांपुढे, किंवा बिशपांची सूट घेऊन, लग्न केलेले नसेल तर ख्रिस्तसभा ते वैध धरत नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यात औपचारिकपणे ख्रिस्तसभा सोडलेल्यांना यातून वगळले होते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये ती सवलत काढली. म्हणून लग्नाची तारीख आधी पाहा.

नवरा तयार असेल तर फादरांपुढे नव्याने संमती देऊन लग्न वैध करता येते. तो ‘मी पुन्हा लग्न करणार नाही’ म्हणत असेल, पण आधीची संमती दोघांचीही टिकून असेल, तर बिशपांकडे मूळ लग्नच वैध करण्याची विनंती करता येते. त्यात विधी पुन्हा होत नाही. मुलांना कॅथोलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते करीन, असे वचन बहिणीला द्यावे लागते. नवऱ्याला त्याची फक्त कल्पना दिली जाते. त्याच्याकडून वचन घेत नाहीत, हे त्याला आधीच सांगा, निम्मा विरोध तिथेच मावळतो. पहिल्या भेटीला बाप्तिस्म्याचा नुकताच काढलेला दाखला आणि लग्नाचे प्रमाणपत्र न्या. दोघांपैकी कुणाचे आधी एखादे लग्न झाले असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, कारण ते प्रकरण ख्रिस्तसभेच्या न्यायालयाकडे जाते आणि त्याचा निकाल लागेपर्यंत पुढची कोणतीही पायरी घेता येत नाही.