सूत्राच्या आधी प्रयोग लिही

प्रिय विद्यार्थी मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. संभाव्यता आणि सांख्यिकीच्या प्रकरणांखालची सगळी गणितं सुटतात, पण पेपरमध्ये गणितं मिसळून आली की शक्यता काढायला बायनॉमियल वितरण लावायचं, पॉयसन की नॉर्मल, हेच कळत नाही, असं तू लिहिलंस. वर विचारलंस की हे ओळखायची एखादी युक्ती आहे का. अशा युक्त्यांचे तक्ते बाजारात भरपूर मिळतात आणि तुझ्या गोंधळाचं मूळ तेच आहेत. ‘किमान एक’ दिसलं की हे सूत्र, ‘सरासरी दर तासाला’ दिसलं की ते. शब्द बदलले की तक्ता संपला.

माझं म्हणणं एकच आहे, आणि या पत्रात ते पुन्हा पुन्हा येईल. सूत्र लिहिण्याआधी प्रयोग लिही. वहीत एक पूर्ण वाक्य: काय उचललं, कशातून उचललं, एक निरीक्षण म्हणजे नेमकं काय, आणि हेच काम उद्या पुन्हा केलं तर काय बदलेल.

साधं गणित घे. खोक्यात २० बोल्ट, त्यांतले ३ खराब. ५ काढले, तर किमान एक खराब निघण्याची शक्यता किती? खराबीचं प्रमाण ०.१५ म्हणून बहुतेक जण बायनॉमियल लावून १ − ०.८५⁵ करतात आणि ०.५५६ लिहितात. आता वाक्य लिही: ‘२० च्या खोक्यातून ५ बोल्ट, परत न टाकता काढले.’ परत टाकले नाहीत, म्हणजे पहिला चांगला निघाला की उरलेल्या १९ मध्ये खराबीचं प्रमाण वाढलं. १७ मधून ५ निवडण्याचे प्रकार ६१८८, २० मधून ५ निवडण्याचे १५५०४. भागाकार ०.३९९, ही एकही खराब न निघण्याची शक्यता, म्हणून उत्तर ०.६०१. तेच ५ बोल्ट सतत चालणाऱ्या मशीनवरून घेतले, प्रत्येक बोल्ट दुसऱ्याशी संबंध नसताना खराब निघतो असं धरलं, तर ०.५५६ बरोबर. आकडे तेच, प्रयोग वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

पॉयसनचंही तसंच. हजार नग, प्रत्येक खराब असण्याची शक्यता ०.००२, तर एकही खराब नसण्याची शक्यता बायनॉमियलने ०.१३५१ आणि पॉयसनने ०.१३५३. इथे भांडायचं काही नाही. पण दोष झुंडीने येत असतील, म्हणजे नगाला आकार देणारा साचा, डाय, झिजली आणि सलग दहा नग गेले, तर पॉयसन चालणार नाही. तपासायला सोपं आहे: तासागणिक दोष मोज. पॉयसनमध्ये सरासरी आणि व्हेरियन्स, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, सारखे असतात. व्हेरियन्स सरासरीच्या तिप्पट-चौपट निघालं, तर नगांचा एकमेकांशी संबंध आहे, असा संशय आधी घे.

तू सिव्हिलचं शिकतोस की मेकॅनिकलचं, हे पत्रात नाही. पण काँक्रीटचं उदाहरण सर्वांनी समजून घ्यावं, कारण यात सांख्यिकी थेट इमारतीच्या खांबात उतरते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेत एम-२५ म्हणजे २८ दिवसांची २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर अशी ताकद, जिच्याखाली ५ टक्क्यांपेक्षा जास्त निकाल जाऊ नयेत. नॉर्मल वितरणात खालचे ५ टक्के सरासरीच्या १.६५ स्टँडर्ड डेव्हिएशन (व्हेरियन्सचं वर्गमूळ, विखुरण्याचं माप) खाली सुरू होतात. एम-२५ साठी सुरुवातीला धरायचं डेव्हिएशन ४, म्हणून मिक्स २५ + १.६५ × ४ = ३१.६ एवढ्या सरासरीसाठी करायचं. इथवर सगळे पाठ करतात. पुढचं विचारणारे कमी.

निरीक्षण म्हणजे काय? एक क्यूब, म्हणजे दाबून तपासायचा काँक्रीटचा एक ठोकळा, नव्हे. एका नमुन्याचे तीन क्यूब, आणि त्यांची सरासरी म्हणजे एक निकाल. डेव्हिएशन काढायला असे ३० निकाल लागतात. एखाद्याने एकाच बॅचमधून ३० क्यूब भरले आणि त्यांचं डेव्हिएशन काढलं, तर ते समजा १.५ येईल. त्यात वाळूतल्या ओलाव्याचा रोजचा फरक नाही, सिमेंटच्या नव्या गाडीचा फरक नाही, मिक्सरवरचा माणूस बदलल्याचा फरक नाही. त्यावरून तो लक्ष्य ठरवील २७.५. साइटवरचं खरं डेव्हिएशन ४ असेल, तर सुमारे २७ टक्के निकाल २५ च्या खाली जातील. कॅल्क्युलेटर बरोबर होता, सूत्र बरोबर होतं, फक्त प्रयोगाचं वाक्य लिहिलेलं नव्हतं.

त्याच संहितेत सलग चार निकालांच्या सरासरीसाठी ०.८२५ हा गुणक आहे. तो पाठ करू नकोस, काढून बघ. चार स्वतंत्र निकालांच्या सरासरीचं डेव्हिएशन √४ ने, म्हणजे निम्म्याने कमी होतं. लक्ष्य सरासरीतून १.६५ च्या निम्मे, ०.८२५ डेव्हिएशन वजा कर. उरलं २५ + ०.८२५ × डेव्हिएशन. नमुन्यांच्या सरासरीचं वितरण शिकवणाऱ्या सेंट्रल लिमिट थिअरमच्या प्रकरणात हे उदाहरण पहिल्या पानावर हवं होतं. ते नसतं, याची खंत वाटते.

नमुने वाढवले की सगळं सुधारतं, असा एक भोळा विश्वास असतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-कापणीच्या प्रयोगांत उलट दाखवलं. शेतातला फार लहान तुकडा कापून उत्पन्न मोजलं की आकडा जास्त येतो, कारण हद्दीवरची रोपं मोजणारा आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका हद्दीचा वाटा मोठा. असे हजार तुकडे कापले तरी हा दोष जात नाही, फक्त चुकीचा आकडा अधिक ठामपणे मिळतो.

निकाल हाती आल्यावर त्यामागच्या कारणाची शक्यता काढणाऱ्या बेजच्या प्रमेयाने घाबरतोस ना? सूत्र बाजूला ठेव आणि १०,००० वस्तू मोज. वेल्डिंगच्या जोडांपैकी २ टक्क्यांत तडा आहे, तपासणी ९५ टक्के तडे पकडते आणि चांगल्या जोडांपैकी १० टक्क्यांवर उगाच बोट ठेवते. म्हणजे तडा २०० मध्ये, पकडले १९०. चांगले ९८००, उगाच पकडले ९८०. एकूण ११७० पैकी १९० खरे, म्हणजे १६ टक्के. ९५ आणि १६ मधला गोंधळ ‘कशातून उचललं’ या शब्दांनी मिटतो: एक आकडा तडा गेलेल्या जोडांतून, दुसरा पकडलेल्या जोडांतून.

कॅल्क्युलेटरबद्दल एवढंच, की डेव्हिएशनच्या दोन कळा असतात. एक एन ने, म्हणजे वाचनांच्या संख्येने, भागते, दुसरी एन वजा एकने. हाती नमुना असेल तर दुसरी. पाच वाचनांत फरक जवळजवळ १२ टक्क्यांचा पडतो. आणि पाच वाचनांवर ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरी सरासरी कोणत्या दोन आकड्यांमध्ये असावी ते, काढताना नॉर्मलचं १.९६ नको, २.७७६ लागतं. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या नावाने हा लहान नमुन्यांचा प्रश्न सोडवला. तिथेही मुद्दा हाच होता: डेव्हिएशन स्वतःच पाच वाचनांतून काढलंय, तेही उद्या बदलेल.

तू म्हणशील, तीन तासांच्या पेपरमध्ये वाक्यं कोण लिहीत बसणार? ही तक्रार मला मान्य नाही. वाक्याला अर्धं मिनिट लागतं, चुकीच्या सूत्रावर दहा मिनिटं जातात. हा माझा हट्ट आहे असं पुष्कळांना वाटतं. वाटू दे. तक्ते पाठ करून गुण मिळवलेली मुलं नोकरीत पहिल्या डेटासमोर बसली की ‘कोणती टेस्ट लावू?’ एवढंच विचारतात, आणि डेटा कुठून आला हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून मी मागे हटणार नाही.

या आठवड्यात एवढं कर. बोल्टचं गणित पायथनमध्ये किंवा एक्सेलमध्ये १०,००० वेळा चालव. परत न टाकता उचललेस तर उत्तर बहुधा ०.५९ ते ०.६१ मध्ये येईल. मग तेच फक्त १०० वेळा चालव. तिथे ०.०५ चा हेलकावा नेहमीचा असेल, आणि ०.६०१ व ०.५५६ वेगळे ओळखताच येणार नाहीत. किती वेळा चालवलं की ओळखता येतील, हे आधी कागदावर काढ, √एन वापरून. मग जुन्या पेपरमधली दहा गणितं घे आणि एकही सोडवू नकोस. दहाही गणितांच्या प्रयोगांची वाक्यं लिहून मला पाठव. उत्तरं नकोत.

तुझा हितचिंतक