‘तिची झोप मुळातच सावध आहे’

*ताई, नमस्कार. आम्ही अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये, गावापासून लांब एका जुन्या लाकडी घरात राहतो. घर लाकडाच्या स्टोव्हवर तापतं. हिवाळ्याला पाच कॉर्ड सरपण लागतं. मेपलचे आणि ओकचे ओंडके मी दर मे महिन्यात कापतो, फोडतो, थप्पी रचतो आणि नोव्हेंबरपासून तेच जाळतो. (थप्पीचा फोटो जोडलाय.) बायको घरून काम करते. दिवसा शेडमधून चार लाकडं आत आणून ठेव, राख काढ, एवढंच म्हटलं तर चिडते. रात्री तीनला एखाद-दोन लाकडं तीच टाकते म्हणा, पण तिची झोप मुळातच सावध आहे. कामाची समान वाटणी व्हावी एवढीच माझी इच्छा. तिला कसं समजावू?*
*– थकलेला लाकूडतोड्या*

थप्पी सुरेख आहे. चार बाय चार बाय आठ फुटांची एक कॉर्ड, अशा पाच, एकट्या माणसाने फोडून रचायच्या म्हणजे खायचं काम नाही. झालं कौतुक. आता रात्रीच्या तीन वाजण्याबद्दल बोलू, कारण तुम्ही ते एका ओळीत उरकलंय आणि माझ्या मते तुमचं पत्र तेवढ्या ओळीचंच आहे.

तिची झोप लग्नाआधीही सावध होती का, हे एकदा सासूबाईंना फोन करून विचारा. पोरीला हाका मारून, पांघरूण ओढून उठवावं लागायचं असं सांगतील, मी पैज लावते. तुमच्याकडे जानेवारीत पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरतो. अशा रात्री आग विझली की घर गार पडतं, पाइपातलं पाणी गोठतं, पाइप फुटतो. हे झोपेतही ज्याच्या डोक्यात असतं त्याची झोप सावध होते. तुमची झाली नाही, कारण कोणीतरी उठणार आहे याची तुम्हाला झोपेतही खात्री आहे.

आणि ‘एखाद-दोन लाकडं टाकते’ म्हणजे काय करते, हे कधी पाहिलंय का? गार फरशीवरून खाली यायचं. स्टोव्हची हवा कमी-जास्त करणारी दांडी उघडायची, दार आधी बोटभर उघडून थांबायचं, नाहीतर धूर खोलीत येतो. निखारे पुढे ओढायचे, लाकडं ठेवायची. मग ती नीट पेटेपर्यंत तिथेच बसायचं, कारण पेट घेण्याआधी हवा कमी केली तर आग धुमसत राहते. त्यानंतर दांडी पुढे सारायची आणि अंथरुणात परत जायचं. तोवर झोप उडालेली असते. सकाळी नऊला तिची पहिली मीटिंग असेल.

त्यात लाकूड तुमचं! मे महिन्यात फोडलेलं मेपल नोव्हेंबरात वाळलेलं नसतं हो. त्याला वर्षभर तरी ऊन-वारा लागतो, ओकला दोन वर्षं. सरपणात ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. तो मोजायचं मीटर मिळतं, महाग नसतं. एखादं लाकूड आजच फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला टोचून बघा. ओलं लाकूड टोकांशी फसफसतं, बरीच ऊब स्वतःचं पाणी उकळण्यात घालवतं आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी चढवतं. ती काजळी पेटली तर घर जातं. धुराडं वर्षातून एकदा तपासून, झाडून घेता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेत नसाल तर उद्याच माणूस बोलवा. तर सांगायचं हे, की फोटोतल्या थप्पीचा ओलावा रोज रात्री तीन वाजता तिच्या झोपेतून वसूल होतोय. तुम्हाला ते कळलेलं नाही, कारण तुम्ही त्या वेळी घोरत असता.

तिला काही समजवायचं नाहीये. आज रात्रीपासून 31 मार्चपर्यंत रात्रीची आग तुमची. तिच्याशी चर्चा नको, तक्ता नको, आणि ‘बघ, मी आता करतो’ हे तर मुळीच नको. स्टोव्हच्या खोलीत सोफ्यावर अंथरूण घाला, म्हणजे तुमच्या उठण्याने ती जागी होणार नाही. फोन थरथरता ठेवून उशीखाली घाला. पहिले आठ-दहा दिवस ती तरीही उठेल, जिन्यात येऊन डोकावेल. तुम्ही स्टोव्हपाशी बसलेले दिसलात की परत जाईल. तिने आभार मानावेत अशी अपेक्षा धरू नका. तुमचे कोणी मानले नव्हते म्हणून तुम्ही मला पत्र लिहिलंत, तिने तेही लिहिलेलं नाही.

‘मला सकाळी ऑफिसला जायचं असतं’ हे कारण पुढच्या पत्रात येणार, म्हणून आधीच सांगते: तिलाही असतं. फक्त तिचं ऑफिस घरात आहे.

राखही सध्या तुम्हीच काढा. तिच्यात निखारे दोन-चार दिवस जिवंत राहतात, तेव्हा झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या आणि तो घरापासून लांब, मातीवर ठेवा. लाकडी ओसरीवर नको, पुठ्ठ्याच्या खोक्यात तर नकोच. आणि पुढच्या हिवाळ्याचं नव्हे, त्याच्याही पुढच्या हिवाळ्याचं सरपण या मे महिन्यात फोडायला घ्या.

वाटणीचं बोलणं एप्रिलमध्ये काढा. तेव्हा तिची झोप झालेली असेल आणि तीन वाजता काय असतं ते तुम्हालाही माहीत असेल.