विकर, विकार आणि धंतोलीतला रिपोर्ट

नागपूरच्या धंतोलीत रक्त तपासून आलेल्या एका काकांनी विचारलंय: "रिपोर्टात एसजीपीटी जास्त. डॉक्टर म्हणाले, लिव्हरचे एन्झाइम वाढले. नातवाच्या पुस्तकात एन्झाइमला विकर लिहिलं आहे. विकर म्हणजे विकार करणारं का? हेच लिव्हरच्या पेशी मारून राहिले का?"

काका, पहिल्याचं उत्तर 'हो', पण घाबरू नका. दोन्ही शब्दांत 'वि' उपसर्ग आणि 'कृ' धातू. विकार म्हणजे मुळात बदल. आजार हा नंतर चिकटलेला अर्थ. घट हा मातीचा विकार, दही दुधाचा. व्याकरणातले विकारी शब्द काही आजारी नव्हते, लिंग-वचन-विभक्तीनं रूप पालटायचे, इतकंच. एका पदार्थाचा दुसरा करून देतं ते विकर. ग्रीकवरून घडवलेल्या 'एन्झाइम'चा अर्थ नुसता 'खमिरातलं'. मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो.

आता एसजीपीटी. हे विकर यकृताच्या पेशीत राहून अमिनो आम्लांचं काम करतं. पेशीचं आवरण दुखावलं किंवा फुटलं की ते रक्तात उतरतं. तेव्हा 'वाढले'पेक्षा 'सांडले' म्हणावं. सांडलेल्या दुधानं भांडं फोडलं, असं आपण म्हणतो का?

मारणारी विकरं वेगळी, त्यांना कॅस्पेज म्हणतात. पेशीला मरणाचा इशारा मिळाला की ती आतली प्रथिनं कातरतात, पेशी आक्रसते, तिचे पुडके होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. या मरणाला 1972 साली 'अपोप्टोसिस' नाव मिळालं, तेही ग्रीकच; अर्थ, पानं-पाकळ्या गळणं. मग आपण 'पेशींची पानगळ' का म्हणू नये? पेंचच्या वाटेवरचा साग पानं टाकतो तेव्हा देठाशी स्वतःच तोड तयार करतो. अवकाळी वादळात फांदी मोडते ते निराळं, ते नेक्रोसिस. पेशी फुटते, आतलं सगळं बाहेर येतं, सूज येते. 'पेशीमृत्यू' या एकाच शब्दात आपण दोन्ही कोंबतो, हे मला खटकतं.

फांदी मोडण्यातही कधी विकराचा हात असतो बरं. पॅरासिटामॉल फार जास्त पोटात गेलं, तर यकृतातलंच एक विकर त्यातल्या काही भागाचं विष करतं. ते निववणारं ग्लुटाथायोन संपलं की पेशी मरू लागतात. तिथे विकरानं केलेला विकार दोन्ही अर्थांनी खरा.

तुमचा आकडा कशामुळे चढला, ते मात्र डॉक्टरांनाच विचारा.