भेट आलेल्या एल्डरफ्लॉवर लिकरचं घरी सोपं कॉकटेल कसं करावं?

लिंबू पिळा. निम्मं उत्तर इथंच झालं.

तुम्ही म्हणता, एल्डर नावाच्या युरोपातल्या झाडाच्या फुलांची ही लिकर स्प्राईटमध्ये घातली तर पाक प्यायल्यासारखं लागलं. आमचंही तेच झालं होतं. बेळगावात टिळकवाडीत मित्राच्या गच्चीवर पहिला घोट घेऊन एकजण म्हणाला, "काय करूलास बे, जिलेबी बुडवायची हाय काय ह्यात?"

लिकर मुळातच गोड. युरोपच्या नियमानुसार साधारण लिकरमध्ये लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते. सां-जर्मेन ही यातली नावाजलेली फ्रेंच बाटली. तिच्यात अल्कोहोल २० टक्के, म्हणजे जिनच्या निम्मंच. म्हणून ग्लासात तिला दारू समजू नका, पाकाच्या जागी धरा. वर आणखी गोड काही नको.

माझं माप: जिन ४५ मिली, लिकर २०, ताज्या कागदी लिंबाचा रस १५. शेकर नसेल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरपूर बर्फ घालून पंधरा सेकंद खडखडवा आणि चहाच्या गाळणीतून गाळा. (घट्ट झाकणाच्या, असं मुद्दाम लिहिलंय. आमच्या भिंतीवर अजून डाग आहे.) जिन नसेल तर व्होडका चालते.

आता आमच्या बेळगावची करामत. घरात कोकमाचं आगळ असतंच. लिकर ४० मिली, आगळ अर्धा चमचा, बर्फ, वरून थंड सोडा. आगळ खारट-आंबट असल्याने गोडी एकदम ताळ्यावर येते, रंगही सुरेख चढतो. बाटलीतलं गोड कोकम सरबत मात्र नको, नाहीतर पुन्हा जिलेबी. आणि हात सैल सोडू नका. एक चमचा आगळ गेलं की फुलाचा वास संपला, सोलकढीच राहिली.

स्पार्कलिंग वाईन मिळाली तर तीत थोडी लिकर, सोडा आणि पुदिना. उत्तर इटलीत याला ह्यूगो म्हणतात. पुदिना चुरगळू नका, तळहातावर टाळी देऊन टाका.

डार्क रमच्या वाटेला जाऊ नका. मळीचा तो वास आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या रस्त्यावर फुकट मिळतो, आणि त्यापुढे हे नाजूक फूल टिकत नाही.

बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. खराब होणार नाही, पण वास उडतो. या दिवाळीची बाटली पाहुण्यांसाठी म्हणून पुढच्या दिवाळीपर्यंत राखू नका.